नवा गुडघा बोलत नाही

माझ्या नवऱ्याचा डावा गुडघा बदलला. म्हणजे ऑपरेशन करून झिजलेला काढला आणि धातूचा बसवला. तेव्हापासून शेजारीपाजारी दारावरून जाताना विचारतात, कसा आहे गुडघा? जसा काही घरात पाहुणा येऊन राहिलाय. मी सांगते, गुडघा उत्तम आहे, माणूस होता तसाच आहे.

माणूस म्हणजे काचेच्या कारखान्यातला ट्रक ड्रायव्हर. खिडक्यांच्या, दुकानांच्या, दवाखान्यांच्या मोठमोठ्या काचा घेऊन लांबच्या शहरांना जायचं, उतरवायच्या आणि रिकामी गाडी परत आणायची. जायला एक आख्खा दिवस आणि वर थोडं. काचा आडव्या ठेवत नाहीत. ट्रकच्या मागे लाकडाची उभी घोडी असते, तिला रबर लावलेलं असतं, तिच्यावर काचा दोन्ही बाजूंनी टेकवून उभ्या करतात आणि वरून रुंद पट्ट्यांनी आवळतात. मग सगळं ड्रायव्हरच्या पायात. क्लच सोडताना गाडीला हिसका बसला की मागे काहीतरी तडकलंच म्हणून समजा.

ह्यांच्या काचा तडकत नसत. त्यामुळे कारखान्यात ह्यांचं नाव पडलं होतं लोणी. लोणी निघाला, लोणी पोचला, असंच सगळे बोलायचे. ह्यांनीही ते नाव पदवीसारखं मिरवलं. घरी कोणी आलं की क्लचवर प्रवचन सुरू. क्लच कसा सोडायचा, तर झोपलेल्या बाळाच्या मानेखालून हात काढावा तसा. मी स्वयंपाकघरातून म्हणायचे, आपलं बाळ झोपायचं तेव्हा तुम्ही कुठल्या गावाला होतात, तेही सांगा पाहुण्यांना.

पण त्याच क्लचने डावा गुडघा खाल्ला. किती वर्षं दुखत होता ते विचारू नका. घराला मलमाचा वास लागला होता. माझ्याकडे कपडे शिवायला देणाऱ्या बायका ब्लाउज हुंगून बघायच्या. डॉक्टरकडे चला म्हटलं की ह्यांचं एकच, गुडघा त्याचं काम करतोय, मी माझं करतोय, तू तुझं कर. शेवटी एकदा कारखान्याच्या अंगणात केबिनमधून खाली उतरताना गुडघ्याने दगा दिला आणि लोणी सगळ्यांच्या देखत जमिनीवर बसला. मालकीणबाईंनी स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. त्यांच्यासमोर ह्यांचं काही चालत नाही. माझ्यासमोर का चालतं, हा वेगळा विषय आहे.

ऑपरेशन झालं आणि ड्रायव्हर घरात बसला. घरात ड्रायव्हर बसला की घराची गाडी होते. मी कपाट सरकवायला लागले की हे पलंगावरून हाताने इशारे करणार, येऊ दे, येऊ दे, डावीकडे मार. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. नाजूक चणीची, पण आवाज असा की हे निमूट पाय उचलायचे. तिने माझं पायाचं शिवणयंत्र बघितलं आणि म्हणाली, ह्याच्यावर बसवा ह्यांना, दोन्ही पाय चालले पाहिजेत. म्हणजे माझी रोजीरोटी गेली व्यायामशाळेत. आधी दोरे तोडले, मग एक सुई मोडली, मग जुन्या चादरींवर वेड्यावाकड्या शिवणी मारल्या. हळूहळू शिवण सरळ यायला लागली. शेवटी ह्यांनी ट्रकच्या केबिनसाठी स्वतः पडदे शिवले आणि ते सगळ्या गल्लीला दाखवून आले. काठीशिवाय गेले होते, हे घरी परत आल्यावर आमच्या दोघांच्या लक्षात आलं.

एवढे दिवस लांबचा रस्ता माझ्या धाकट्या भावाकडे गेला होता. तोही त्याच कारखान्यात ड्रायव्हर. गाडी चांगली चालवतो, पण तोंडाने आणि वेगाने वादळ, कारखान्यात नावच तसं पडलंय. तो प्रत्येक फेरीनंतर ह्यांना भेटायला यायचा आणि काय फुटलं ते सांगायचा. हे तोंडाने अरेरे म्हणायचे आणि त्या दिवशी जेवायला दोन घास जास्त जायचे.

डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं त्याच आठवड्यात मालकीणबाईंनी आम्हाला बोलावलं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाल्या, वय झालं, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, लांबचा रस्ता आता वादळाकडेच राहू दे. तुमच्यासाठी फाटकावरची जागा ठेवली आहे. खुर्ची आहे, पंखा आहे, पगार तोच. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मला मात्र खुर्ची आवडली, खोटं कशाला बोलू. रोज संध्याकाळी नवरा घरी, गरम जेवायला समोर, आणि दोन रात्री कुठे झोपला असेल हा विचार नाही. मी हो म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात हे म्हणाले, "बाई, एक फेरी द्या. माल गेला तसा पोचला तर रस्ता माझा. नाही पोचला तर मी स्वतः खुर्ची पुसून फाटकावर बसतो."

बाईंनी जरा विचार केला आणि होकार दिला. डॉक्टरांच्या दोन अटी होत्या. पहिल्या लांबच्या फेरीला सोबत कोणीतरी पाहिजे, आणि मधूनमधून गाडी थांबवून खाली उतरायचं, थोडं चालायचं, पाय बांधून ठेवल्यासारखा बसू द्यायचा नाही. सोबत म्हणून मी निघाले. यंत्रावर कापड झाकलं, उकडलेली अंडी आणि चहाचा थर्मास घेतला आणि केबिनमध्ये चढले. पडदे खरंच चांगले शिवले होते. मी ते बोलून दाखवलं नाही.

सकाळच्या उन्हात आम्ही निघालो आणि मी माझ्या नवऱ्याला खूप वर्षांनी गाडी चालवताना बघितलं. इतकी वर्षं मी त्यांना फक्त निघताना आणि परत येताना बघत आले होते. डावा पाय क्लचवर जात होता, येत होता, कपाळावर आठी नाही, ओठ आवळलेले नाहीत. हे गुणगुणत होते. आमच्या लग्नात हे असेच दिसत होते, असं मनात आलं आणि मी पटकन खिडकीबाहेर बघितलं. म्हातारपणी लाजायचं म्हणजे अतीच.

तो कौतुकाचा उमाळा तासाभरात ओसरला, कारण माणूस थांबेना. मी म्हटलं, डॉक्टर काय म्हणाले होते? हे म्हणाले, पुढच्या वळणानंतर. वळण गेलं. एक चहाचं दुकान आलं. दुकानदार आमची गाडी लांबून ओळखून दारात येऊन उभा राहिला होता, हातात कप. हे हॉर्न वाजवून, हात हलवून तसेच पुढे. मी मागे वळून बघितलं तर तो बिचारा कप घेऊन तसाच उभा.

"बघितलंस?" हे मोठ्या अभिमानाने म्हणाले. "इथे पोचेपर्यंत गुडघ्याचा जीव जायचा. उतरावंच लागायचं. आता पत्ताच नाही त्याचा."

मी म्हटलं, गुडघ्याचं राहू द्या, माझ्या कमरेचं बघा. तर म्हणे, दुखत नाही तर उतरायचं कशाला? जुन्या पेट्रोल पंपावरून गेलो, तेच. पुढे एक मोठं झाड लागलं, त्याच्या सावलीत म्हणे दर फेरीला थांबायचे, तेही गेलं. मी रागाने एक अंडं सोललं आणि एकटीनेच खाल्लं. रागावलेल्या बाईचं अंडं खाणं ह्यांच्या कधी लक्षात येत नाही.

मग मागून आवाज आला. अगदी बारीक, कपाटात कपाला कप लागावा तसा. ह्यांचं गुणगुणणं थांबलं. परत आला. ह्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तो मी पाहिला. गाडी हळूहळू कडेला घेतली, उलटं तोंड करून एकेक पायरी खाली उतरले, व्यायामवालीने शिकवलं होतं तसंच, आणि मागे गेले. मीही गेले. घोडीवरचे पट्टे सैल पडले होते. मी बोट घालून बघितलं तर मूठ आत जाईल एवढी जागा. कडेची एक काच शेजारणीवर आपटून आपटून तिचा कोपरा उडाला होता. बाकीच्या धड होत्या, पण हे त्या बघायलाच तयार नव्हते. रस्त्याच्या कडेच्या दगडावर जाऊन बसले.

मला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं. हे आपल्या डाव्या पायाकडे बघत होते. म्हणाले, पाय गेला माझा. डॉक्टरांनी नवा दिला, पण ह्याला कळत नाही. हिसके बसले असणार, मला समजलेच नाहीत. चल, परत फिरू, बाईंना सांगू, खुर्ची पुसायला घेऊ.

मला जी खुर्ची हवी होती ती अशी समोर आली. आणि मला ती नको वाटली. आयुष्यभर ज्या माणसाला घरी बस म्हणून ओरडले, तो असा दगडावर बसलेला मला बघवेना. शिवाय मी शेजारी बसून आले होते. हिसका एकही बसला नव्हता. थर्मासच्या झाकणात ओतलेला चहा मी न सांडता प्यायले होते. मग पट्टे सैल झालेच कसे?

तिथे उभी असताना मला आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आठवली. त्या खिडकीचे सगळे तुकडे ह्यांनी फोडलेल्या काचांचे आहेत. आमचा संसार नवा होता, खिडकीला फळ्या ठोकलेल्या होत्या. हे फेरीवरून यायचे आणि फुटक्या काचेतला धड तुकडा घेऊन यायचे, कधी साधा, कधी दुधी, कधी रंगीत. चौकट भरत आली आणि तुकडे यायचे बंद झाले. कोपऱ्यातला एक चौकोन राहिला तो राहिलाच, त्याला आजही पुठ्ठा लावलेला आहे. मी कितीदा म्हटलं असेल, एक काच तेवढी आणा. तर हे छाती फुगवून म्हणायचे, लोण्याच्या गाडीत काच फुटत नाही. आणि ते तुकडे बंद झाले कधी? घरात मलम आलं त्या वर्षी.

"एक सांगा," मी विचारलं. "पूर्वी पट्टे कधी आवळायचात?"

"उतरलो की. उतरलोच आहे तर एक फेरी मारायची गाडीभोवती, पट्टे आवळायचे, हात लावून बघायचं. सवय."

"आणि उतरायचात कधी?"

"गुडघा बोंबलायला लागला की."

ते बोलून गेले आणि मग त्यांनी मान वर केली. हे एकदा गाडीकडे बघत होते, एकदा आलो त्या रस्त्याकडे. चहाचं दुकान, पंप, झाड. गाडी हलते, काचा बसत जातात, पट्टे ढिले पडतात, ते प्रत्येक गाडीत पडतात. बाकीचे ड्रायव्हर जेवायला थांबतील तेव्हा बघतात. ह्यांना गुडघा बसूच द्यायचा नाही. लोण्याची सगळी कीर्ती त्या झिजलेल्या हाडाची होती आणि ते हाड दवाखान्यात टाकून आम्ही आलो होतो.

आधी हे हसले. मग मी. मग आम्ही दोघं भर दुपारी रस्त्याच्या कडेला असे हसत सुटलो की जाणाऱ्या एका गाडीने काही मदत हवी का म्हणून वेग कमी केला. हसता हसता ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते मात्र वेगळं होतं. "इतकी वर्षं मला वाटलं, माझा पाय," एवढंच म्हणाले.

पट्टे आवळले. पुढे निघालो. मी सांगितलं, आता तुमचा जुना गुडघा मी आहे, आणि मी त्याच्यापेक्षा वाईट दुखते. मी ओरडले की गाडी थांबायची, हे उलटे उतरायचे, गाडीभोवती चालायचे, पट्टे ओढून बघायचे. दर वेळी ते थोडे ढिले निघायचेच. मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी पोचलो. तिथल्या मुकादमाने माल उतरवला, कोपरा उडालेली एक काच बाजूला ठेवली आणि बाकीचा ताब्यात घेतला. म्हणाला, प्रवासात एवढं चालायचंच. ह्यांना ते चालायचं नव्हतं.

परतीच्या वाटेवर चहावाल्याकडे थांबलो. त्याने आधी ह्यांना शिव्या घातल्या आणि मग चहा दिला.

मी सुचवलं होतं की बाईंना एक काच गेली एवढंच सांगा, मुकादम म्हणालाच आहे की चालतं. नवरा माझा असला तरी त्या बाबतीत माझं ऐकणारा नाही. कारखान्यात सरळ मालकीणबाईंच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले, कोपरा उडालेली काच भिंतीला टेकवून ठेवली आणि सगळं सांगितलं. पाय बरोबर आहे, पण लोणी पायात नव्हतंच. दुखत होतं म्हणून मी थांबत होतो आणि थांबत होतो म्हणून काचा वाचत होत्या. त्यात माझी अक्कल काही नाही. माझा भाऊ तिथेच दारात उभा राहून ऐकत होता. ज्याच्याशी रस्त्यासाठी चढाओढ, त्याच्याच कानात सगळी विद्या ओतून हे मोकळे झाले. मला तेव्हा ह्यांचा राग आला आणि त्याच्या दुप्पट अभिमान वाटला.

बाईंनी उडालेल्या कोपऱ्याला बोट लावून बघितलं. मग म्हणाल्या, "अट अशी होती की माल गेला तसा पोचला पाहिजे. तो पोचला नाही."

हे म्हणाले, खरं आहे, फडकं द्या, खुर्ची पुसतो.

"थांबा. मी काच जास्त भाजून, रबर बदलून, घोड्या बदलून थकले. काचा का फुटतात ते एवढ्या वर्षांत मला कोणी सांगितलं नाही. तुम्हाला फाटकावर बसवलं तर हे ड्रायव्हरांना शिकवणार कोण, तो पंखा?"

मग त्यांनी निवाडा केला. लांबच्या फेऱ्या दोघांनी आळीपाळीने करायच्या, एक मेव्हण्याने, एक भाऊजींनी. आणि प्रत्येक गाडीने वाटेत ठरलेल्या जागी थांबायचं, ड्रायव्हरचं काही दुखो न दुखो. म्हणजे ह्यांना रस्ता मिळाला आणि एकाआड एक फेरीला मला नवरा मिळाला. कोपरा उडालेली काच बाईंनी आम्हालाच दिली.

वादळाची पुढची फेरी एकही काच न फुटता झाली. तो पेढे वाटावे तसा ती बातमी वाटत आमच्या घरी आला. हे जरा आंबट चेहऱ्याने म्हणाले, आता तुलाच लोणी म्हणतील. तर तो म्हणतो, नको भाऊजी, ते नाव घेतलं की गुडघा दुखतो असं ऐकलंय.

राहिला प्रश्न, मी सोबत नसताना ह्यांना थांबवणार कोण? व्यायामवालीने फोनमध्ये गजर लावून दिला. हे तो वाजला की बोटाने बंद करून पुढे जायचे. गजराचा धाक वाटायला तो काही दुखत नाही. शेवटी असं ठरलं की मी यंत्रावर बसल्या बसल्या फोन करायचा. ह्यांनी उचलायचा नाही. वाजला की जागा बघून थांबायचं, उतरायचं, पट्टे आवळायचे, आणि मग खालून मला उलटा फोन करायचा. पहिल्या दिवशी ह्यांनी फोन केला आणि दुसरं काही सुचेना म्हणून म्हणाले, उतरलो. मी म्हटलं, बरं. दुसऱ्या थांब्याला म्हणाले, उतरलो, इथे एका माणसाच्या सायकलवर दोन बकऱ्या आहेत. तिसऱ्या थांब्यापर्यंत मला त्या बकऱ्यांचं पुढे काय झालं ते कळायला हवं होतं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली. ह्यांच्या रस्त्यावर काय काय असतं ते मला आत्ता कळतंय. मी त्यांना कोणाचा ब्लाउज घट्ट झाला ते सांगते.

परवा कारखान्यातल्या एका कारागिराने ती काच कापून आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीत बसवून दिली. पुठ्ठा काढला तर त्या कोपऱ्यातून रस्ता दिसतो हे मला नव्यानेच समजलं. मी तिथे उभी राहून बघत होते, हात ओले होते, आणि फोन वाजला. हे. माझी फोन करायची वेळ अजून व्हायची होती. मी ओल्या हातानेच उचलला.

"काय झालं? गुडघा दुखतोय का?"

"नाही," हे म्हणाले. "काहीच दुखत नाहीये."

"मग थांबलात कशाला?"

"असाच. त्या झाडाखाली आहे. पट्टे आवळलेत. तू काय करतेयस?"

मी हात पदराला पुसले आणि सांगितलं की खिडकीतून रस्ता बघतेय.